सरकत्या केशरेषेवर हेअर पॅच: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

पुण्यातील एका हेअर पॅच केंद्रात मी जानेवारीच्या अखेरीस कपाळालगतच्या भागापुरता छोटा पॅच, म्हणजे डोक्याला चिकटवायचा केसांचा तुकडा, बसवून घेतला आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो कायमचा काढला. या अकरा महिन्यांत दोन पॅच वापरून झाले, पंधरा वेळा सर्व्हिसिंग (पॅच उतरवून, साफसफाई करून पुन्हा बसवणे) झाले आणि माझे लग्न, एक पावसाळा व पहिला दिवाळसण असे सगळे त्या पॅचसह पार पडले. ज्यांचे केस पूर्ण गेलेले नाहीत, पण दोन्ही कानशिलांवरून मागे सरकू लागले आहेत, अशा तिशीच्या आसपासच्या पुरुषांना निर्णय घेताना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पॅच उत्तम प्रतीचा होता आणि कारागिराचे कामही चोख होते, हे आधीच नोंदवतो. तरीही माझ्या अवस्थेतील माणसाने तो घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

पुरुषांमधील टकलाची वाढ मोजण्यासाठी डॉक्टर जी श्रेणी वापरतात, ती हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडली आणि नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारली. तिच्या सात टप्प्यांपैकी मी तिसऱ्यावर होतो, म्हणजे दोन्ही बाजूंना खोल खाचा, मधोमध पुढे आलेले केसांचे टोक आणि मागे टाळूवर केस दाट. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारे डीएचटी हे संप्रेरक, आनुवंशिकतेने संवेदनशील असलेल्या केसांच्या मुळांना प्रत्येक वाढीच्या चक्रात थोडे थोडे आक्रसवत नेते, त्यामुळे केस एकदम गळून नाहीसा होत नाही, तर आधी बारीक, मग आखूड आणि शेवटी लवेसारखा होत जातो. म्हणूनच तिसऱ्या टप्प्यावरच्या माणसाच्या कपाळालगत जाड केस, बारीक होत चाललेले केस आणि नुसती लव असे तिन्ही प्रकार एकाच वेळी असतात. पॅचचा निर्णय घेताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते, पण ती मला तेव्हा कळली नव्हती.

पहिल्या दिवशी कारागिराने मला खुर्चीवर बसवले, केस मागे घेऊन पाहिले आणि तो म्हणाला, "साहेब, पॅच बसवायचा म्हणजे हे पुढचे केस काढावे लागतील. तुमचे अजून बऱ्यापैकी आहेत. एकदा विचार करा." दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला असे सांगणारा माणूस विरळा, आणि त्याचे ऐकून मी घरी परतायला हवे होते. टेप किंवा ग्लू केवळ उघड्या त्वचेवरच नीट धरतो, त्यामुळे पॅचखालचे केस मुळाशी कापावेच लागतात. असे कापल्याने केसांच्या मुळाला इजा होत नाही, हे खरे आहे. परंतु केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि ते वाढू लागले की टेप वर उचलली जाते, म्हणून दर तीन आठवड्यांनी पॅच उतरवून खालचा भाग पुन्हा साफ करावा लागतो. पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाला हा त्रास जवळजवळ नसतो. सरकत्या केशरेषेच्या माणसाला मात्र आपलेच जिवंत केस दर तीन आठवड्यांनी काढत राहावे लागतात, आणि त्या अवधीत ते आणखी बारीक होत आहेत की टिकून आहेत, हे त्याला दिसतही नाही.

आता वस्तूविषयी. पॅचमध्ये केस ज्या पायावर गुंफलेले असतात त्याला बेस म्हणतात आणि आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. मोनो म्हणजे बारीक जाळीचे, जरा ताठ कापड. ते टिकाऊ असते, पण कपाळाच्या कडेला ओळखू येते. पीयू म्हणजे त्वचेसारखा दिसणारा पातळ पापुद्रा. तो साफ करायला सोपा, पण त्यातून हवा खेळत नाही. तिसरा प्रकार लेसचा, जो सर्वांत नैसर्गिक दिसतो आणि सर्वांत लवकर फाटतो. माझ्या पॅचला समोर लेस आणि बाकी तिन्ही कडांना पीयूची पट्टी होती. टाळूवरच्या पॅचच्या चारही कडा स्वतःच्या केसांत लपतात, तर कपाळावरच्या पॅचची पुढची कड जगासमोर उघडी असते, त्यामुळे सारी परीक्षा त्या एका रेषेची होते.

या रेषेचे काम मी फार जवळून पाहिले. लेसवर एकेक केस आकडीच्या सुईने हाताने गाठ मारून बसवलेला असतो. आपले केस काळे असल्यामुळे त्या गाठी गव्हाळ त्वचेवर बारीक काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, म्हणून पुढच्या अर्ध्या-पाऊण इंचातल्या गाठी ब्लीच करून फिकट केल्या जातात. ब्लीचमुळे गाठ कमकुवत होते आणि तिथलाच केस आधी सुटतो. म्हणजे जी जागा सर्वांत सुंदर दिसायला हवी, तीच सर्वांत आधी विरळ होते. माझ्या पहिल्या पॅचचे मागचे केस पाचव्या महिन्यातही शाबूत होते, पण पुढची रेषा इतकी पातळ झाली होती की पॅच बदलावाच लागला. दुसरा सहा महिने टिकला. केशरेषा कुठे ठेवायची, याबाबतीत कारागिराने माझा हट्ट मोडून काढला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. मला विसाव्या वर्षीची सरळ, खाली उतरलेली रेषा हवी होती. त्याने भुवयांच्या वर चार बोटे मोजली, दोन्ही कोपऱ्यांना हलक्या खाचा तशाच राहू दिल्या आणि केसांची दाटीही समोर मुद्दाम कमी ठेवली. अनेक केंद्रांत दाट केसांचा पॅच मोठ्या अभिमानाने दाखवला जातो, पण तिशी ओलांडलेल्या पुरुषाच्या कपाळावर ती दाटीच पहिल्यांदा डोळ्यांत भरते.

पॅचचे केस बहुतेकदा खऱ्या माणसांचे असतात. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते आणि आपल्या गल्लीबोळांत विंचरणीतले केस घेऊन त्या बदल्यात भांडी देणाऱ्या बायका लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. मुंडणाचे केस एकाच दिशेचे राहतात, म्हणून ते गुंतत नाहीत आणि महाग असतात. विंचरणीतले केस उलटसुलट असल्याने त्यांच्यावरचा खवल्यांचा सूक्ष्म थर रसायनाने काढून टाकावा लागतो. कोणत्याही प्रकारचे केस रंगवलेले असले की उन्हाने आणि वारंवार धुण्याने तांबूस पडतात, आणि माझ्या पॅचचे केस तिसऱ्या महिन्यापासून उन्हात निराळे दिसू लागले. पॅचच्या केसांना मूळ नसते, ते वाढत नाहीत, त्यामुळे न्हाव्याने एकदा चुकीचा कापलेला केस कायमचा चुकीचाच राहतो.

रोजच्या वापरात मला पहिले दोन महिने खरोखर आनंद मिळाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सकाळी आरशासमोर केस ओढून खाचा झाकण्यात जाणारी दहा मिनिटे वाचली, आणि वाऱ्यात किंवा छायाचित्र काढताना चेहरा वळवण्याची सवय गेली. एप्रिलपासून मात्र कोथरूड ते हडपसर दुचाकीचा प्रवास अवघड झाला. हेल्मेट काढताना त्याची पुढची कड नेमकी पॅचच्या कडेवर घासते आणि घाम टेपखाली साचून टेप पांढरट व चिकट होते. हेल्मेट मागून पुढे न काढता आधी सरळ वर उचलून मग बाहेर घ्यावे, ही युक्ती मला उशिरा सुचली. पावसाळ्यात त्वचा वाळतच नसल्यामुळे तीन आठवड्यांचे सर्व्हिसिंग दोन आठवड्यांवर आणावेसे वाटत असे, पण प्रत्येक वेळी दोन तास आणि ८०० रुपये लागत असल्याने ते जमले नाही.

लग्न मार्चमध्ये ठरले. साखरपुड्याच्या आधी, दुसऱ्याच भेटीत, मी पॅचची गोष्ट तिला सांगितली, कारण पाहण्याच्या कार्यक्रमात दिसलेले केस खरे नाहीत हे लग्नानंतर कळावे, हे मला मान्य नव्हते. ती शांतपणे म्हणाली, "मला सांगितलंत ते बरं झालं. पण हे तुम्हाला स्वतःसाठी हवंय ना?" त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा होकारार्थी दिले. मे महिन्यात मुंडावळ्या बांधताना त्यांचा दोरा थेट पुढच्या कडेवरून गेला. आदल्या संध्याकाळी कारागिराने नवी टेप लावून दिलेली असल्यामुळे होमाचा धूर, घाम आणि अक्षता या सगळ्यांत रेषा जागची हलली नाही. त्या दिवशीच्या कामासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो.

दिवाळसणाला सासरी गेलो, तेव्हा नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाई सुवासिक तेलाची वाटी घेऊन आल्या. तेलाने टेपचा गोंद सैल होतो, म्हणून पॅच लावलेल्या माणसाने डोक्याला तेल लावायचेच नसते. पाटावर बसलेल्या जावयाच्या टाळूवर पहिले बोट ठेवण्याचा त्यांचा मान होता, आणि माझी पत्नी घाईने म्हणाली, "आई, त्यांच्या डोक्याला नको, खांद्यांना लाव फक्त." सासूबाईंनी काही विचारले नाही, पण त्यांचा हात क्षणभर थांबला. जो उपाय मी मोकळेपणाने वावरता यावे म्हणून केला होता, त्यासाठी आता पत्नीलाही काहीतरी झाकावे लागत होते. पॅच काढण्याचा विचार त्या पहाटे सुरू झाला.

शारीरिक कारणही त्याच सुमारास आले. नोव्हेंबरमध्ये केंद्राने टेपऐवजी नवा ग्लू वापरला आणि दोन दिवसांत कपाळाच्या वरच्या पट्टीवर लाल पुरळ आले. त्वचारोगतज्ज्ञांनी ते गोंदाच्या स्पर्शाने झालेले असल्याचे सांगितले. कोणताही नवा गोंद आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी, एवढी साधी काळजी केंद्राने घेतली नव्हती आणि मीही आग्रह धरला नव्हता. क्लिपचा पॅच घेऊन गोंद टाळता येतो, पण क्लिपा ज्या केसांना धरतात ते केस रोजच्या ओढीने गळू शकतात, आणि ज्याचे केस आधीच नाजूक आहेत त्याने तो मार्ग मुळीच घेऊ नये.

खर्च असा झाला: प्रत्येकी १४,००० रुपयांचे दोन पॅच, पंधरा सर्व्हिसिंगचे १२,००० रुपये, आणि टेप, गोंद काढण्याचे द्रावण व वेगळा शाम्पू यांचे सुमारे ६,००० रुपये. एकूण ४६,०००, म्हणजे महिन्याला ४,००० रुपयांहून थोडे अधिक. केंद्रात सुरुवातीला फक्त पॅचची किंमत सांगतात, त्यामुळे पूर्ण वर्षाचा खर्च कागदावर लिहून मागावा.

त्वचारोगतज्ज्ञांकडे मी पुरळासाठी गेलो होतो, पण खरी चर्चा केसांची झाली. मिनॉक्सिडिल हे मूळ रक्तदाबाचे औषध; ते डोक्याला लावण्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्य झाले. डीएचटी कमी करणारी फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये केसगळतीसाठी मान्य झाली. गेलेल्या खाचा भरून काढण्यापेक्षा उरलेले केस टिकवणे हे या औषधांचे मुख्य काम असते, आणि ती थांबवली की परिणामही ओसरतो. गोळीमुळे काही थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ती डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय घेऊ नये. गरोदर स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये, ही सूचनाही नवविवाहितांनी लक्षात ठेवावी. केसरोपणाबद्दल डॉक्टरांनी घाई करू नका असे सांगितले, कारण मागून आणून लावलेले केस पुढे टिकतात आणि त्यांच्यामागचे मूळचे केस जात राहिले, तर मधे मोकळी पट्टी उरते. मला सर्वांत जास्त खंत वाटली ती एका गोष्टीची. ज्या कपाळपट्टीवर औषध लावायला हवे होते, तिथे मी अकरा महिने टेप लावून ठेवली होती, आणि जे केस वाचवण्यासारखे होते तेच मी कापत होतो.

ज्यांचे डोके पाचव्या टप्प्याच्या पुढे गेले आहे, ज्यांना भाजल्यामुळे किंवा आजारामुळे केस उरलेले नाहीत, किंवा ज्यांना औषधे चालत नाहीत, त्यांना चांगल्या कारागिराकडून पॅच घ्यायला मी आनंदाने सांगेन, आणि मी ज्या केंद्रात गेलो त्या केंद्राच्या कारागिराकडे पाठवायलाही मला संकोच वाटणार नाही. तिसऱ्या टप्प्यापर्यंतच्या माणसाने मात्र आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि उपचारांना किमान सहा महिने ते एक वर्ष द्यावे. त्यानंतरही पॅचच घ्यायचा ठरला, तर वस्तरा लागण्याआधी दिवसाच्या उजेडात, केस ओले करून, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढून ठेवावेत. माझ्याकडे तसे फोटो नव्हते, त्यामुळे अकरा महिन्यांत खाचा किती खोल गेल्या, हे डॉक्टरांना माझ्या कार्यालयाच्या जुन्या ओळखपत्रावरून अंदाजाने ठरवावे लागले.