अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर घेताय? अ‍ॅडव्हान्स कुणाच्या खात्यात जातोय ते आधी बघा

पार्लर, दातांचा दवाखाना, फिजिओथेरपी, शिवणकाम, ज्यांचं ज्यांचं काम ‘अमुक वाजता या’ या बोलीवर चालतं त्यांनी हे वाचावं. अपॉइंटमेंट बुकिंगचं सॉफ्टवेअर विकायला माणसं दुकानोदुकानी फिरतात. सगळेच चोर नसतात. आमच्याकडे आलेला निघाला. त्याने आम्हाला तर चुना लावलाच, वर आमच्या नावावर आमच्या क्लायंटनाही लावला, आणि तेच जास्त लागलं.

माझं पार्लर ठाण्यात, पाचपाखाडीत. मी आणि हाताखाली दोन मुली. शनिवार-रविवारी फोनवर ‘ताई, पाचला येते हं’ म्हणणाऱ्यांतल्या किती खरंच येतील याचा भरवसा नसतो. खुर्ची रिकामी, मुलगी रिकामी, आणि तीच वेळ मागून गेलेली दुसरी बाई एव्हाना शेजारच्या पार्लरात जाऊन बसलेली. ज्यांचा हा धंदा नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. पण फेशियलला तास-सव्वातास धरावा लागतो. तो गेला की गेला, रात्री जास्तीचं बसून भरून निघत नाही.

त्यामुळे या मुलाने दाखवलेली गोष्ट पटण्यासारखीच होती. क्लायंटला लिंक पाठवायची, ती स्वतः वेळ निवडते, २०० रुपये अ‍ॅडव्हान्स भरते, आदल्या दिवशी तिला आठवणीचा मेसेज जातो. मुलगा मराठी, बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात ‘ताई’. फी वर्षाची, वर १८ टक्के जीएसटी, रीतसर बिल. आणि खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर छान चाललं. टांग मारणाऱ्या कमी झाल्या, कारण २०० रुपये अडकले की बाई येतेच.

‘गूगलवर पार्लर शोधलं की दिसतं ते तुमचं पान कुणी ताब्यातच घेतलेलं नाही, मी करून देतो’ असंही तो म्हणाला. म्हणून त्याने बोर्डाचा, आतल्या खुर्च्यांचा आणि मी शटर उघडतेय असा व्हिडिओ काढला. गूगल अशी पडताळणी खरोखरच मागतं, त्यामुळे त्यात वावगं काही दिसलं नाही. पान सुरू झालं, त्यावर बुकिंगची लिंक आली. फक्त मालक म्हणून ईमेल त्याचा होता, माझा नव्हता.

आता पैशाचं. अ‍ॅडव्हान्स क्लायंटकडून निघून ‘गेटवे’त, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून दुकानदाराला पोचवणाऱ्या कंपनीकडे, जातो आणि दर सोमवारी सेटलमेंट होतं, असं त्याने सांगितलं होतं. सोमवारी पैसे यायचेही, हिशोब रुपयाला रुपया. पण पासबुकात पाठवणारा म्हणून कुठल्या गेटवेचं नाव नसायचं, एका माणसाचं असायचं. असे पैसे हाताळणाऱ्या खऱ्या कंपनीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू असतात. ती तुमचे पैसे तुम्हाला देण्याआधी तुमचं केवायसी करते, पॅन मागते, बँक खात्याचा पुरावा मागते. आमच्याकडे यातलं कुणी काही मागितलं नाही, नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी लिहून घेतला. याचा अर्थ एवढाच की पैसे गेटवेत नाही, त्याच्या हातातल्या खात्यांत पडत होते आणि तो मर्जीने पुढे ढकलत होता. ‘तेव्हाच शंका यायला हवी होती’ असं आता बरेच जण ऐकवतात. पैसे वेळेवर येत असताना कुणाला शंका येते, ते मला दाखवा.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन. त्याच्या तोंडावर त्याचा फोन आला, ‘ताई, ब्राइडलला २०० काय घेता? निम्मे आधीच घ्या, मी बुकिंगच्या पानावर बदल करून देतो.’ सल्ला धंद्याच्या दृष्टीने बरोबर होता; ब्राइडल बुकिंग फिसकटलं तर अख्खा दिवस जातो. म्हणजे जिथे शेकड्यांत पैसे जात होते तिथे एकेका नवरीचे हजारो जायला लागले, आणि नेमक्या त्याच वेळी सोमवार चुकायला लागला. आधी बँकेला सुट्टी, मग सर्व्हर बदलतोय, मग ‘अकाउंट्सच्या मॅडम गावी गेल्यात’. मग फोन बंद.

उलगडा झाला तो कळव्याच्या एका नवरीच्या आईमुळे. त्या ट्रायलला मुलीला घेऊन आल्या आणि उरलेले किती द्यायचे म्हणून आधीची पावती काढून दाखवली. यूपीआयच्या पावतीवर पैसे ज्याला गेले त्याचं बँकेत नोंदवलेलं नाव येतं. तिथे पार्लरचं नाव नव्हतं, माझं नव्हतं, पासबुकात दिसणाऱ्या माणसाचंही नव्हतं. भलतंच, चौथं नाव. त्या मला म्हणाल्या, ‘हे तुमचे मिस्टर का?’

सॉफ्टवेअर बंद करून भागत नव्हतं, हा यातला सगळ्यात वाईट भाग. गूगलवर पार्लर शोधलं की बुकिंगचं बटण दिसायचं, ते दाबलं की त्याचंच पान उघडायचं, आणि बायका पैसे भरतच होत्या. मालक तो असल्यामुळे ते बटण मला काढता येईना. दारावर कागद चिकटवला, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवलं, पण नवीन क्लायंट थोडीच माझं स्टेटस बघते. गूगलवर पानाची मालकी मागायचा अर्ज करता येतो. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला ३ दिवस असतात, तो गप्प बसला तर पुढे पडताळणी करून पान मिळवता येतं. मला तसंच मिळालं. मिळाल्याबरोबर आधी ते बटण काढलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा एक गोष्ट समजली, जी धंदेवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. गेलेले पैसे माझ्या खात्यातून गेले नव्हते, क्लायंटच्या खात्यातून गेले होते. त्यामुळे प्रत्येकीने स्वतः तक्रार करायची, १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, आपल्या व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक देऊन. तक्रार जितकी लवकर तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. आता एकेका बाईला फोन करून सांगा, ‘तुम्ही आमच्या पानावर भरलेले पैसे आमच्यापर्यंत आलेच नाहीत, तक्रार करा.’ काहींनी समजून घेतलं. काहींनी सरळ विचारलं, ‘म्हणजे आता मेकअप करणार नाही का?’ केला. सगळ्या नवरी मुलींचा केला, अ‍ॅडव्हान्स मिळाला असं धरून. लग्नाच्या दिवशी नवरीच्या घरी हिशोब काढून कोण बसेल?

मी वेगळी तक्रार दिली, फी आणि अडकलेल्या सेटलमेंटची. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि आयटी कायद्याचं ६६ ड, अशी फसवणुकीची कलमं त्यात येतात. त्या वेळी बिलावरचा जीएसटी नंबर तपासला. सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राचा, आकडे-अक्षरं मिळून १५, दिसायला अगदी बरोबर. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कुणालाही नंबर टाकून नाव बघता येतं. नाव आलं एका वेगळ्याच धंद्याचं, नोंदणीही रद्द झालेली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण क्लायंटची यादी त्याच्याकडेच होती, नाव, नंबर, कुठल्या तारखेला काय करून घेणार इथपर्यंत. थोड्या दिवसांनी त्यांना फोन जायला लागले: ‘पार्लरकडून बोलतोय, तुमचा अमुक तारखेचा अ‍ॅडव्हान्स परत करायचाय, रिक्वेस्ट आलीय ती मंजूर करून पिन टाका.’ तारीख आणि पॅकेज बरोबर सांगितलं की कुणाचाही विश्वास बसतो. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. नौपाड्याच्या एका काकूंनी पिन टाकला आणि त्यांचे पैसे पुन्हा गेले. माझ्या यादीवर हा मेसेज आधीच गेला असता तर त्या वाचल्या असत्या. तेव्हा असं काही घडलं तर क्लायंटना पहिल्या मेसेजातच लिहा, रिफंडचे फोन येतील, पिन टाकू नका.

सध्या अपॉइंटमेंट गूगल कॅलेंडरवर टाकते, दोन्ही मुलींच्या फोनवर तेच दिसतं. अ‍ॅडव्हान्स पार्लरच्या करंट अकाउंटच्या क्यूआरवर, आणि क्लायंटला आधी सांगते की पिन टाकायच्या आधी पार्लरचं नाव दिसतंय का बघा. पुन्हा सॉफ्टवेअर घेणार नाही असं नाही, गरज आहेच. परवा एकजण आला होता, त्याला पहिलाच प्रश्न केवायसी कधी करणार हा विचारला. त्याने गेटवेचा फॉर्म काढून पुढे ठेवला. पॅन आणि कॅन्सल चेक लागेल म्हणाला. फॉर्म ठेवून घेतलाय, गूगलच्या पानाला मात्र हात लावू दिलेला नाही.

तक्रार केलेल्या क्लायंटपैकी दोघींची थोडी रक्कम एका खात्यात गोठवली गेल्याचं कळलंय, ती सोडवायचा अर्ज ज्याचा त्याने करायचा आहे. माझ्या तक्रारीचा तपास चालू आहे.