टीव्हीचं झूम काढा, मग बघा

निपाणीत आणि आसपास मी बावीस वर्षं ऑपरेटर होतो. आधी जत्रेतल्या तंबूत, मग पक्क्या थिएटरात. त्यामुळं सिनेमा कसा आहे ते सांगायच्या आधी तो कसा दाखवलाय तेच माझ्या डोळ्यात पहिल्यांदा खुपतं. सवयीचा दोष.

सुट्टीत नात आली होती. धारवाडला इंग्लिश मीडियमला आहे, दुसरीत. तिनं टीव्हीवर ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ लावला. डिस्नेचा, १९५५ सालचा, कुत्र्यांच्या प्रेमाचा. पडद्यावर वर आणि खाली काळ्या पट्ट्या आल्या तशी ती म्हणाली, “आज्जा, टीव्ही बिघडलाय.” मी काही बोलायच्या आत तिनं रिमोटनं झूम केलं. टीव्ही भरला, पण चित्र दोन्ही बाजूंनी कापलं गेलं. एक कुत्रा बोलतोय आणि ज्याच्याशी बोलतोय तो भिंतीत गेलेला.

हा सिनेमास्कोपमधला, म्हणजे रुंद पडद्याच्या पद्धतीतला, पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट. चित्र उंचीच्या अडीचपट रुंद. ते आजच्या टीव्हीत झूम करून कोंबलं की रुपयाच्या सोळा आण्यांतले पाच आणे चित्र जातं, हिशेब करून बघा. आमच्या वेळी स्कोपची फिल्म हातात धरली तर माणसं काठीसारखी दिसायची, कारण चित्र आडवं दाबून छापलेलं असे. प्रोजेक्टरला स्कोपची लेन्स चढवली की ती पसरून सरळ व्हायची. एकदा मी लेन्स चढवायची विसरलो आणि चांगली गुटगुटीत हिरॉइन बांबू होऊन नाचली. शिट्ट्या अजून कानात आहेत.

तर झूम काढायला लावलं आणि पहिल्यापासून बघितला.

गोष्ट तशी सरळ आहे. अमेरिकेतलं छोटं गाव, १९०९ च्या सुमाराचं. नवरा बायकोला ख्रिसमसला टोपीच्या डब्यातून पिल्लू आणून देतो. स्वतः वॉल्ट डिस्नेनं आपल्या बायकोला असंच दिलं होतं म्हणे. ही लेडी. नवरा बायकोला “डार्लिंग” म्हणतो आणि ती त्याला “जिम डिअर”, म्हणून कुत्रीला वाटतं हीच त्यांची नावं. पुढं घरात बाळ येतं, आत्या येते, आत्याची दोन मांजरं येतात आणि लेडीची घरातली किंमत उतरते. मग गल्लीतला बिनमालकाचा ट्रॅम्प भेटतो. मांजरांचं गाणं मात्र मला आवडलं नाही. तिरके डोळे, बोबडं बोलणं, पूर्वेकडच्या माणसांची टिंगल आहे ती. नातीला मी तेवढं पुढं ढकलायला लावलं.

मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कॅमेरा बहुतेक जमिनीला टेकलेला. माणसं म्हणजे बूट, साडीसारखे लांब झगे, खुर्चीचे पाय. चेहरे क्वचित. घराच्या खोल्या कुत्र्याच्या उंचीवरून कशा दिसतील ते कळायला चित्रकारांनी घराचं लहान मॉडेल बनवून बघितलं होतं. मी सतरंजीवर आडवा झालो आणि तिथून बघितलं. खरंच वेगळा दिसतो. मग आमच्या दारातला कुत्रा पिंट्या दिवसभर काय बघत असेल ते पहिल्यांदा डोक्यात आलं. बहुतेक माझ्या चपला.

आणि तो हॉटेलमागचा सीन. ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांनीही तो कुठंतरी बघितलाय. एका ताटात शेवया, मालक आणि स्वयंपाकी वाजवत गातायत, दोघांच्या तोंडात एकच शेवई येते आणि नाकाला नाक लागतं. वॉल्ट डिस्नेला हा सीन काढून टाकायचा होता, कुत्री शेवया खाताना बावळट दिसतील म्हणून. फ्रँक थॉमस नावाच्या चित्रकारानं स्वतःच्या हिमतीवर काढून दाखवला, तेव्हा राहिला. मला चुंबनापेक्षा नंतरचं जास्त आवडलं. शेवटचा मटणाचा गोळा ट्रॅम्प नाकानं ढकलत तिच्याकडं सरकवतो, काही न बोलता. आमची ही स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, “इथं पाव्हण्यांना मिळंना, कुत्र्यांना शेवया घालून ठेवल्यात.” रुंद पडदा का पाहिजे ते इथं कळतं: ताट मधोमध, दोघं दोन टोकांना. झूम केलेलं असेल तर नुसती शेवई बघायची.

सगळ्याच थिएटरांत स्कोपची सोय नव्हती म्हणून त्यांनी साध्या पडद्यासाठी वेगळी प्रत पण केली होती. हे वाचून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. गावातल्या ऑपरेटरचा कुणीतरी विचार केला.

पेगी ली या गायिकेचंही सांगतो. डार्लिंग, दोन्ही मांजरं आणि कोंडवाड्यातली कुत्री पेग, चारही आवाज एकटीचे. गाणीही तिनं सोनी बर्कबरोबर लिहिली. पुढं व्हिडिओ कॅसेट निघाल्या आणि त्यातला वाटा मिळाला नाही म्हणून तिनं १९८८ ला डिस्नेवर दावा लावला, आणि १९९१ ला २३ लाख डॉलर मिळवले. व्हिडिओनं आमचंही थिएटर बसवलं. आम्ही कुणावर दावा लावणार?

कोंडवाड्याचा सीन लहान मुलांबरोबर बघताना जरा जपून. एका कुत्र्याला दारातून नेतात आणि तो परत येत नाही. “कुठं नेलं?” नातीनं विचारलं. मी म्हणालो, “डॉक्टरकडं.” ट्रस्टी नावाचा म्हातारा कुत्रा गाडीखाली सापडतो तेव्हा तर ती रडायलाच लागली. तो मरणारच होता, पेगी लीनंच डिस्नेला सांगून वाचवला. तिचे मी मनातल्या मनात आभार मानले.

शेवट मला पूर्ण पटला नाही. सिनेमाभर पट्ट्याला आणि परवान्याला हसणाऱ्या ट्रॅम्पच्या गळ्यात शेवटी पट्टा येतो आणि तो चार पिल्लांचा बाप होऊन चुलीपुढं बसतो. नातीला तेच सगळ्यात आवडलं.

एकूण ७६ मिनिटं, आमच्या भाषेत सात-आठ रिळं. चित्र बिनचूक, पाऊस आणि रात्र तर बघत राहावी अशी. मधे आत्याचा भाग थोडा रेंगाळतो.

दुसऱ्या दिवशी हट्ट करून तिनं बाजारातून पिंट्यासाठी लाल पट्टा आणायला लावला. ऐंशी रुपये. संध्याकाळी बांधला, सकाळी पिंट्या दारात बसलेला, गळा मोकळा. पट्टा तंबाखूच्या गोदामामागं सापडला, चावलेला.