बाहेरून पाठिंबा की मंत्रिमंडळात वाटा?

कराडच्या प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी संध्याकाळी टेकलेल्या जुन्या मंडळींत आघाडी सरकारचा विषय निघाला की १९७९ साल हटकून येते. त्या वर्षी यशवंतराव चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. परंतु ज्या इंदिरा काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर ते सरकार उभे होते, तो पाठिंबा काढला जाताच लोकसभेला एकदाही सामोरे न जाता चरणसिंगांना राजीनामा द्यावा लागला.

डाव्या पक्षांनी २००४ मध्ये मनमोहन सिंगांच्या काँग्रेसप्रणीत सरकारसाठी बाहेरून पाठिंब्याचा हाच मार्ग अधिक शिस्तीने चालवला. किमान समान कार्यक्रम लेखी होता, समन्वय समिती होती, आणि धोरणावर उघड टीका करण्याची मोकळीकही होती. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून २००८ मध्ये त्यांनी पाठिंबा काढला, तेव्हा मात्र सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले आणि डाव्यांच्या हाती काहीच उरले नाही.

सत्तेत वाटा घेणाऱ्याचे गणित निराळे. २०२४ मध्ये भाजप २४० जागांवर थांबला, तेव्हा १६ खासदारांच्या तेलुगू देसमने मंत्रिपदे घेतली आणि जुलैच्या अर्थसंकल्पात आंध्र प्रदेशची राजधानी अमरावतीसाठी १५,००० कोटी रुपयांची तजवीज झाली. केंद्रातील वरिष्ठ पदांवर बाहेरच्या तज्ज्ञांची थेट भरती (लॅटरल एंट्री) करण्याच्या जाहिरातीला भाजपचा मित्रपक्ष लोक जनशक्ती पक्षाचे (रामविलास) चिराग पासवान यांनी मंत्री असूनच विरोध केला, आणि ती मागे घेतली गेली. सरकारच्या अपयशाचे खापर अशा पक्षावरही फुटते, हे खरे; तरीही उसाच्या दरापासून इथेनॉलपर्यंतचे निर्णय दिल्लीत होत असताना, साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्याला आपला माणूस उंबऱ्याबाहेर नव्हे, बैठकीत बसलेला हवा, असे मला वाटते.