‘ब्लूम’: वॉशिंग्टनच्या मैलापाण्यातून आलेले सोनखत

मानवी मैल्यापासून केलेल्या ज्या खताला आपल्याकडे सोनखत म्हणतात, त्याचीच कारखान्यात तयार झालेली आवृत्ती अमेरिकेच्या राजधानीची पाणीपुरवठा व मलनिस्सारण संस्था, म्हणजे डीसी वॉटर, ‘ब्लूम’ या नावाने विकते. मेरीलंडमधील आमच्या घरामागच्या परसात दोन हंगाम ते वापरून पाहिल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. या भागातील चिकट, तांबूस मातीशी झुंजणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याचा काही उपयोग होईल.

खत कशाचे आहे, हे आधी स्पष्ट सांगितलेले बरे. पोटोमॅक नदीकाठच्या ब्लू प्लेन्स केंद्रात राजधानीचे आणि लगतच्या मेरीलंड व व्हर्जिनियातील काही भागांचे, एकूण वीस लाखांहून अधिक लोकांचे मैलापाणी येते. हे केंद्र १९३७ मध्ये सुरू झाले. पूर्वी तिथला गाळ चुना मिसळून ट्रकने शेतांवर पाठवला जाई आणि त्या वाहतुकीचा खर्च संस्थेच्याच माथी असे. २०१५ मध्ये कॅम्बी या नॉर्वेच्या कंपनीच्या तंत्रज्ञानावर चालणारी यंत्रणा बसली. गाळ दीडशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमानावर, वाफेच्या दाबाखाली शिजवला जातो. आपला प्रेशर कुकरच, फक्त अवाढव्य. शिजलेला गाळ मोठ्या बंद टाक्यांत कुजवला जातो, त्यातून निघणाऱ्या मिथेनवर वीज तयार होते आणि उरलेला घन भाग म्हणजे ब्लूम. रोगजंतूंच्या दृष्टीने तो सरकारी नियमांतील ‘अ’ वर्गात बसतो, म्हणजे घरगुती बागेत वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही. विक्रीसाठी संस्थेने ‘ब्लू ड्रॉप’ नावाची ना-नफा संलग्न संस्था उभी केली. पाणीपट्टी भरणाऱ्यांवर भार न टाकता उत्पन्नाचे वेगळे मार्ग शोधणे हे तिचे काम.

आता प्रत्यक्ष मालाविषयी. ब्लूम ताजे मिळते, मुरवलेले मिळते, तसेच वाळू किंवा लाकडाचा चुरा मिसळलेलेही मिळते. परसबागेसाठी मुरवलेले किंवा मिश्रण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ताज्या मालाला अमोनियाचा वास असतो आणि तो ओलसर, ढेकळांचा असल्यामुळे फावड्याने पसरवणे जिकिरीचे जाते. मुरलेला माल काळाभोर असतो, मुठीत दाबला तर मोकळा होतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. मैल्याची आठवण होईल असे त्यात काही उरलेले नसते, तरीही आमच्या सासूबाईंनी त्या वाफ्याकडे पहिला महिनाभर संशयानेच पाहिले.

एक घमेले ब्लूम आणि तीन घमेली माती, या प्रमाणात मी ते वीतभर खोल मिसळले. झेंडूला त्याचा सर्वांत चांगला फायदा झाला. दसऱ्याच्या तोरणाला पुरून शेजाऱ्यांना देण्याइतकी फुले निघाली. गवताचा रंगही गडद झाला. मैलापाण्यातील स्फुरद (फॉस्फरस) काढण्यासाठी केंद्रात लोहाचे क्षार वापरतात, ते लोह गाळात उतरते आणि हिरवेपणा बहुधा त्याचाच. नत्र (नायट्रोजन) सावकाश सुटते, त्यामुळे रासायनिक खतासारखी आठवड्यात दिसणारी उसळी अपेक्षू नये. पालाश (पोटॅशियम) मात्र जवळजवळ नसते, कारण ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच निघून जाते. मिलवॉकी शहर १९२६ पासून विकत असलेल्या ‘मिलॉर्गनाइट’ या त्याच कुळातील खताच्या पिशवीवरही पालाशासमोर शून्य छापलेले असते. मिरचीला मी चुलीतली थोडी राख दिली. मेथी मात्र जळाली, आणि ती चूक सर्वस्वी माझी: हव्यासापोटी प्रमाण दुप्पट केले होते.

खरा प्रश्न पीफास (PFAS) या, निसर्गात सहजासहजी न विघटणाऱ्या कृत्रिम रसायनांचा आहे. न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारे कपडे, खाद्यपदार्थांची वेष्टने यांतून ती घराघरांतील सांडपाण्यात येतात आणि शिजवल्याने नष्ट होत नाहीत. अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ मध्ये अशा गाळाचा जमिनीवरील वापर बंदच केला, तर केंद्रीय पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये या रसायनांच्या धोक्याचे मसुदा-मूल्यांकन प्रसिद्ध केले. शिवाय ‘ऑरगॅनिक’ शिक्क्याच्या शेतीत मैल्याचा गाळ चालतच नाही. त्यामुळे फुले, हिरवळ, शोभेची झाडे यांसाठी मी ब्लूमची निःशंक शिफारस करतो. पालेभाजी, मुळा आणि गाजर यांच्या वाफ्यात ते घालणार नाही, कायदा परवानगी देत असला तरी.

संस्थेच्या धंद्याविषयी दोन शब्द. खत विकून पाणीपट्टी कमी होईल, अशी आशा कोणी बाळगू नये. माती हा स्वस्त आणि जड माल आहे, त्यात नफा फार नसतो. नव्या यंत्रणेमुळे गाळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, तेवढ्या ट्रकच्या फेऱ्या वाचल्या आणि केंद्राच्या वीजबिलाचा मोठा हिस्सा स्वतःच्याच वायूतून भागू लागला, ही खरी कमाई आहे. विक्रीचे पैसे ही वरकड. नागपूर महानगरपालिकेच्या भांडेवाडी केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी कोराडी व खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जाते, तिथला हिशेबही याच जातीचा आहे. खरी कमाई विक्रीत नव्हे, बचतीत: धरणाचे पाणी तेवढे मागे राहते.

ब्लूम गोणीत घ्यावे की सुटे, हे जागेवर ठरते. दोन-चार वाफ्यांना गोणी पुरेत. नवे अंगण तयार करायचे असेल तर पिकअप ट्रक असलेला मित्र गाठावा आणि माल पाऊस पडून गेल्यावर न आणता कोरड्या दिवशी आणावा, कारण भिजलेले ब्लूम उचलताना कंबर बोलते.