बॉनहून आलेला कागद म्हणजे आनरकेनुंग नव्हे : माझे ३,३३० युरो असे गेले

३,३३० युरो. आकडा आधीच सांगून टाकते, कारण कितीतरी दिवस तो मी कुणालाच सांगितला नव्हता. नवऱ्यालासुद्धा पहिल्यांदा निम्माच सांगितला. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा संताप जास्त आहे, म्हणून लिहितेय. जर्मनीत नर्सिंगच्या डिग्रीची मान्यता, म्हणजे आनरकेनुंग, करून देतो असं सांगणारा कुणी 'आपला माणूस' तुम्हाला भेटला असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

मी अडाणी नाही. बी.एस्सी. नर्सिंग आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, सात वर्षं अतिदक्षता विभागात काढली आहेत. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना), मी त्याच्यामागे नोव्हेंबर २०२३ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आले. माझ्या व्हिसावर कुठलीही नोकरी करायची मुभा होती, नर्सची मात्र नाही. इथे नर्सिंग हा नियमन असलेला व्यवसाय. मान्यता मिळेपर्यंत फार तर मदतनीस म्हणून काम करता येतं. व्हेंटिलेटर सांभाळलेल्या बाईला नुसतं अंथरूण बदलायचं काम करणं तेव्हा जिवावर आलं होतं. त्याच वेळी हा माणूस भेटला.

फेब्रुवारी २०२४. मराठी लोकांच्या एका कार्यक्रमात ओळख झाली. अस्सल मराठी, बोलण्यात 'ताई, ताई'. "तुमची भाषा होईपर्यंत फाइल पुढे नेऊन ठेवतो. ऑफिसात आपली ओळख आहे." वेबसाइट नाही, बिल नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅप. ४ मार्चला ६५० युरो 'फाइल उघडायचे' दिले, तेही पेपालवर 'मित्र आणि कुटुंब' हा पर्याय निवडून, कारण तो म्हणाला कमिशन वाचेल. त्या पर्यायाला खरेदीदाराचं संरक्षण नसतं. पैसे परत मागायची सोय मी माझ्याच हाताने बंद केली. २२ एप्रिलला भाषांतर आणि सरकारी फी म्हणून १,४८० युरो.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जास्त टोचतं.

मे महिन्यात त्याचा निरोप आला : "ताई, जर्मन भाषेच्या बी-टू परीक्षेला बसायची गरज नाही. ९०० युरोत सर्टिफिकेट देतो, कुणाला कळत नाही." मी ताडकन नाही म्हटलं. रुग्णाशी बोलता येणार नसेल तर मी वॉर्डात उभी कशी राहू, असं त्याला सुनावलंसुद्धा. तो लगेच म्हणाला, "शाब्बास ताई, तुमच्यासारखी माणसं कमी." मला बरं वाटलं. आपण प्रामाणिक, आपण त्यातले नाही, या समाधानात मी फोन ठेवला आणि त्याच माणसाच्या हातात माझी सगळी मूळ प्रमाणपत्रं राहू दिली! खोटं सर्टिफिकेट विकणारा माणूस मला मात्र खरं काम करून देईल, हे मी कसं धरून चालले? अजूनही रात्री जाग आली की तो निरोप डोळ्यांसमोर येतो. त्या दिवशी थांबले असते तर निदान पुढचे १,२०० वाचले असते. नवरा म्हणतो, तुला एकटीला दोष देऊ नकोस, मीही ऐकलंच होतं ना. पण तो नर्स नाही, मी आहे. औषध देण्याआधी लेबल दोनदा वाचायची सवय असलेली बाई मी.

जुलैत पीडीएफ आली. बॉनच्या झेडएबी या कार्यालयाची. त्यात लिहिलं होतं की माझी पदवी जर्मन बॅचलरच्या पातळीची आहे. 'बॅचलर' हा शब्द वाचता आला, बाकीचं त्याने फोनवर समजावलं : "पूर्ण समकक्ष! पहिली लढाई जिंकलात." माझ्या भाषेच्या वर्गातल्या केरळच्या दोघींना मात्र त्यांच्या कागदात कुठल्या विषयाचे किती तास कमी पडतात याची यादी आली होती. माझ्याकडे यादी नाही, म्हणजे माझं कॉलेज चांगलं, असा अर्थ मी काढला.

कागद खोटा नव्हता. म्हणूनच हे प्रकरण इतकं चिकट आहे. झेडएबी पदवीचं मूल्यमापन करून देते, कुणीही स्वतः ऑनलाइन अर्ज करून घेऊ शकतं, फी २०८ युरो. पण नर्ससाठी तो कागद मान्यता नाही. मान्यता प्रत्येक राज्याचं आपापलं कार्यालय देतं. आमच्या राज्यात ते स्टुटगार्टचं रेगीरुंग्सप्रेझीडियम, ज्याला सगळे 'आरपी' म्हणतात. तिथे माझ्या नावाचा अर्जच गेला नव्हता.

ऑगस्टमध्ये त्याने ज्ञानपरीक्षेची, म्हणजे केन्टनिसप्रुफुंगची, 'सीट' धरायला १,२०० युरो मागितले. या वेळी रुपयांत, भारतातल्या एका खात्यावर : १,०९,२०० रुपये. खातं तिसऱ्याच माणसाच्या नावाचं. इथेही मी विचारलं नाही की पदवी पूर्ण समकक्ष असेल तर परीक्षा कशाला? परीक्षा किंवा अनुकूलन कोर्स, म्हणजे अनपासुंग, हे सहसा काहीतरी कमी पडतं तेव्हा लागतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. आणि सीट कुणी विकत देत नाही. कार्यालयाचा निर्णय हातात पडल्याशिवाय परीक्षेचा प्रश्नच येत नाही.

सप्टेंबरमध्ये एका रुग्णालयात मुलाखतीला गेले. समोरच्या बाईंनी पीडीएफची छापील प्रत उलटी केली, एका ओळीवर पेन टेकवला आणि हळूहळू, मला समजेल अशा जर्मनमध्ये वाचून दाखवलं : नियमन असलेल्या व्यवसायासाठी हा कागद मान्यतेची जागा घेत नाही. मग विचारलं, "तुमचा बेशाइड कुठे आहे?" बेशाइड म्हणजे निर्णयपत्र. मी भाषांतरं पुढे केली. त्यांवर शपथबद्ध भाषांतरकाराचा शिक्काच नव्हता. कान गरम झाले. त्या बाई चांगल्या होत्या, पाणी दिलं, आणि अशा तुम्ही पहिल्या नाहीत म्हणाल्या.

आता तक्रारींची कथा ऐका. इथल्या पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली. अधिकाऱ्याचं पहिलं वाक्य : त्याने कागद तर आणून दिला ना? म्हणजे सेवा दिली, पैशांचा वाद दिवाणी. २०८ युरोच्या कागदाचे २,१३० घेतले, वर तो कागद भलताच आहे, हे समजावता समजावता माझं मोडकं जर्मन संपलं. शेवटचे पैसे भारतात गेले म्हणून त्यांचं भारताकडे बोट. धाकटा भाऊ गावच्या पोलीस ठाण्यात गेला, तर तिथे उत्तर : गुन्हा जर्मनीत घडला, इथे कसा नोंदवायचा? भावाने सांगितलं की नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मग म्हणाले, फिर्यादीला आणा. ऑनलाइन दिली तर? तीन दिवसांत येऊन सही करा. मी जर्मनीत! खातं भारतातलं, खातेदार भारतातला, पैसे काढले भारतात, आणि गुन्हा मात्र जर्मनीतला. चार खेपांनंतर साध्या अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला. एफआयआर नाही. भारतीय वकिलातीला दोन ईमेल केले. उत्तर आलं की खासगी व्यवहारात हस्तक्षेप करता येत नाही, पोर्टलवर नोंदवा. नोंदवलं. स्थिती अजून 'प्रलंबित'. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या सरकारी वकिलांचं पत्र आलं, पुरेसा पुरावा नाही म्हणून तपास बंद. त्याविरुद्ध दोन आठवड्यांत दाद मागता येते, पण ते मला विसाव्या दिवशी कळलं, कारण नवरा दौऱ्यावर होता आणि मी ते पत्र सरकारी जाहिरात समजून ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. कुणालाच कुणाशी बोलायचं नाही, प्रत्येकाचं टेबल वेगळं, आणि तो माणूस मधल्या फटीत निवांत!

तेव्हा ऐका. इथलं कुठलंही सरकारी पत्र त्याच दिवशी भाषांतर करून घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, आम्ही ते उशिरा केलं. भारतातल्या खात्यावर पैसे गेले असतील तर घरच्यांना पहिल्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करायला लावा. मी लाजेपोटी नऊ दिवस घालवले.

मान्यतेचा अर्ज स्वतः करता येतो. आयक्यू नेटवर्क या सल्ला केंद्रांच्या जाळ्याचा सल्ला फुकट मिळतो, हे मला त्या रुग्णालयातल्या बाईंनी सांगितलं. अर्ज पोचल्याची पोच कार्यालयाने महिनाभरात द्यायची असते आणि तिच्यावर फाइल क्रमांक असतो. कुणीही एजंट असो, तो क्रमांक मागा आणि स्वतः कार्यालयाला लिहून खात्री करा. क्रमांक नाही म्हणजे अर्ज नाही. बरीच रुग्णालयं मदतनीस म्हणून घेऊन मान्यतेचा खर्च स्वतः उचलतात. मूळ प्रमाणपत्रं कुणालाही देऊ नका. माझी परत मिळवायला सहा आठवडे त्याच्या विनवण्या कराव्या लागल्या, तेही तक्रार करून झाल्यावर.

ऑक्टोबरमध्ये मी स्वतः अर्ज केला. अठराव्या दिवशी पोच आली. मार्चमध्ये निर्णय आला : कमी पडणाऱ्या तासांची यादी आणि अनपासुंग. आता त्याच रुग्णालयात मदतनीस आहे, अंथरुणं बदलते, संध्याकाळी बी-टूचा अभ्यास करते.

तो अजून कार्यक्रमांना येतो. मंडळाच्या लोकांना सांगितलं तर म्हणाले, दोघांचं भांडण आहे, आम्हाला मध्ये घेऊ नका. आतापर्यंत दोघीजणी मला भेटल्या आहेत. एकीचे १,९०० गेलेत, दुसरीचे २,४५०, आणि बॉनची तीच पीडीएफ दोघींकडेही आहे. आम्ही तिघी मिळून पुन्हा तक्रार देतोय. चौथी कुणी असेल तर पेपालच्या पावत्या आणि त्याचे आवाजी निरोप पुसू नका, आमच्याबरोबर या.