इंडिकेटर दिला की पेट्रोल कमी होतं: जुन्या मारुतीतला घरगुती टचस्क्रीन, अकरा महिन्यांनंतर

गाडी १९९९ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा पासिंग वाढवून घेतलं, पाच हजार फी मोजली, तेव्हाच घरात ठरलं होतं की आता हिच्यावर एक पैसाही जास्तीचा घालायचा नाही. गेल्या ऑक्टोबरात मी पेट्रोल, तापमान आणि वेग आकड्यांत दाखवणारा टचस्क्रीन घरीच जुळवून तिच्या डॅशबोर्डवर बसवला, चौदा हजार दोनशे रुपये घातले. गाडी विकायला काढली तर पस्तीस हजारांच्या वर कोणी जाणार नाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे हिशोब कोणी विचारायला नको.

सामान नेहमीचंच: रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कंप्युटर, सात इंची टचस्क्रीन, बारा व्होल्टचे पाच करणारा बक कन्व्हर्टर. ‘ओबीडी डोंगल लावा ना’ म्हणणारे भेटतात. बाबांनो, या गाडीत ईसीयूच नाही, म्हणजे डोंगल ज्यातून आकडे वाचतो तो इंजिनचा कंप्युटरच नाही, डोंगल बोलणार कोणाशी? पायला अ‍ॅनालॉग इनपुट नसतं, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज त्याला थेट मोजता येत नाही, म्हणून मध्ये ते मोजून देणारा एडीएस१११५ चा बोर्ड घातला. त्याच्यावर टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा), इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेंडर आणि बॅटरीचं व्होल्टेज. वेग जीपीएसवरून. आरपीएमचा, म्हणजे इंजिनचे फेरे मोजायचा, नाद सोडला. ते जिथून मोजायचे त्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवर शेकडो व्होल्टचे झटके येतात आणि माझ्याकडे पाय एकच आहे. मूळचा केबलचा स्पीडोमीटर जागच्या जागी ठेवलाय. तुम्हीही काढू नका, पासिंगला तो चालू लागतो.

पहिल्या महिन्यात दोनदा एसडी कार्ड गेलं. चावी फिरवली की करंट धाडकन बंद, आणि पाय बिचारा काहीतरी लिहीत असतो. कार्ड रीड-ओन्ली करून टाकलं, तेव्हापासून तक्रार नाही. स्टार्टर मारताना बॅटरीचं व्होल्टेज बसतं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज (व्होल्टेज कमी पडल्याची खूण) चमकते, ती अजून चमकते. मी तिच्याकडे बघणं सोडलंय. भर दुपारी देवगडच्या उन्हात स्क्रीनवर आपलं तोंड दिसतं, आकडे दिसत नाहीत. पावसात ओल्या बोटाने दाबलं तर भलतंच पान उघडतं. हे सगळं चालवून घेता येतं.

चालवून घेता आलं नाही ते पेट्रोल.

मला काटा नको होता, लिटर हवे होते. टाकी २८ लिटरची, पण तिचा आकार सरळ नाही, त्यामुळे फ्लोट अर्ध्यावर म्हणजे चौदा लिटर असं होत नाही. एकच उपाय: काटा पार खाली आल्यावर पंपावर जायचं, दोन लिटर घालायचं, गाडी बाजूला घेऊन रीडिंग लिहायचं, परत दोन लिटर. पाचव्या फेरीला पंपावरचा मुलगा म्हणाला, “काका, एकदाच काय तां घाला मां!” बाराव्या फेरीला तो काही बोलला नाही. नुसता बघत राहिला.

एवढं करून फोंडा घाटात पहिल्याच वळणाला १४ चे ९ झाले, पुढच्या वळणाला १६. पेट्रोल हिंदकळतं, दुसरं काय. जुन्या गाड्यांचे काटे मुळातच सुस्त ठेवलेले असतात, म्हणून आपल्याला कधी कळत नाही. मी साठ सेकंदांची सरासरी घातली आणि आकडा शहाण्यासारखा वागू लागला. एप्रिलात आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जाताना याच घाटात पाण्याचं तापमान ९१ वरून १०२ झालं. काटा तेव्हाही मधल्या रेघेच्या जरासा वर, निवांत. थांबलो, बॉनेट उघडलं, तर होजपाइपची क्लिप ढिली आणि खाली पाणी ठिबकतंय. इंजिन फार तापलं की जातं ते हेड गॅस्केट वाचलं. त्या दिवशी मी या वस्तूला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

मग जून आला.

रात्री गाडी काढली की पेट्रोल तीन लिटर कमी. सकाळी बघावं तर परत जागेवर. आधी वाटलं, थंडीने. (कोकणात, जूनमध्ये, थंडी. माणूस काय काय मानायला तयार होतो.) मग संशय कन्व्हर्टरवर, मग बोर्डावर. बोर्ड ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्यांना लिहिलं. उत्तर आलं, वायरिंगचा दोष आहे, वॉरंटी लागू नाही. मी चिडून तीन पानी मेल लिहिला, आणि ३४० रुपयांचा दुसरा बोर्ड वेगळ्या ठिकाणाहून मागवला. तो लावला. दोष तसाच. हे मात्र मी त्या दुकानाला कळवलं नाही.

पहिल्या दुकानवाल्यांचं उत्तर आलं, व्हिडिओ पाठवा. व्हिडिओत आकडा झटपट बदलताना दिसावा म्हणून सरासरी बंद केली. गाडी अंगणात उभी, इंजिन बंद, चावी नुसती ऑनवर. दिवे लावले: १५.२ चे १२.४. ब्रेक दाबला: १०.९. सोडला: १२.४. सहज म्हणून डावा इंडिकेटर दिला, आणि पेट्रोल इंडिकेटरच्या तालावर नाचू लागलं. १२.४, ११.८, १२.४, ११.८. टिक-टॉक, टिक-टॉक. बायको पडवीतून म्हणाली, “उजवा देऊन बघा, वाढेल.” उजव्याने काहीच झालं नाही.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने डिकीतला गालिचा उचलला, डाव्या टेललॅम्पच्या आतल्या अंगाला बॉडीवर कसलेला अर्थचा बोल्ट दाखवला, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट. बोल्ट कसला, गंजाचा लाडू. वायर सोलली तर तांबं आतपर्यंत हिरवं. “खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान,” एवढंच बोलला. टाकीच्या फ्लोटची आणि त्या दिव्यांची अर्थ एकाच बोल्टवर. दिव्यांचा करंट गंजातून जाताना अडायचा, तिथलं व्होल्टेज चढायचं, आणि माझ्या बोर्डाला वाटायचं फ्लोट खाली गेला. दिवे जितके जास्त, पेट्रोल तितकं कमी.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वायरच्या टोकाला नवी लग, नवा बोल्ट, वरून ग्रीस. साठ रुपये. डावा टेललॅम्प लख्ख पेटला. तो कित्येक वर्षं मिणमिणता जळत होता आणि रात्री मागून येणाऱ्याला मी अर्धाच दिसत होतो, हे त्या दिवशी कळलं. जुना काटाही तेवढ्याने वर सरकला. म्हणजे इतकी वर्षं मी रिझर्व्हच्या धास्तीने गरज नसताना पंपावर जात होतो.

वायरमन जाताना स्क्रीनकडे बघून म्हणाला, “गाणी लागतंत काय ह्येच्यार?”

“नाय.”

“मगे ह्येचो उपेग काय?”

अर्थ सुधारल्यावर आधीची सगळी रीडिंगं फुकट गेली, कारण ती गंजासकट घेतलेली होती. परत पंप, परत दोन-दोन लिटर. या वेळी दुसऱ्या पंपावर गेलो.

आता गणपती होऊन गेले. दिवे, ब्रेक, इंडिकेटर, काहीही केलं तरी आकडा दशांशाने हलत नाही. घाटात अजून जरासा हिंदकळतो, ते त्याचं चालायचंच. तुमची गाडी समुद्राच्या वाऱ्यात उभी राहत असेल तर स्क्रीन मागवण्याआधी इंजिन, बॅटरी आणि टेललॅम्प या तिन्ही ठिकाणचे अर्थचे बोल्ट एकदा खोलून बघा. मी चौदा हजार दोनशे (अधिक ३४०) घालून ते बघितले.

पहिला बोर्ड ठणठणीत आहे, परत गाडीत गेलाय. दुसरा कपाटात पडून आहे, चार दिवस वापरलेला. तीनशेला देईन. बिल आहे.