उशिरा पोचलेल्या पार्सलांचा रिफंड मिळवून देतो म्हणाला, आणि माझं खातं गोठलं

१५ ऑक्टोबरला, दिवाळी चार-पाच दिवसांवर आलेली असताना, वाण्याच्या दुकानात ३४० रुपयांचा क्यूआर स्कॅन केला आणि पैसे जाईनात. तीनदा केलं. रेंज नसेल म्हणून रस्त्यावर येऊन पाहिलं. शेवटी उधारीवर सामान घेऊन घरी आले आणि बँकेला फोन लावला. पलीकडून विचारलं, "मॅडम, तुमच्या खात्यावर सायबर तक्रार आहे, तुम्हाला माहीत नाही का?" पिशवी तशीच हातात धरून मी पायरीवर बसले.

मी आणि माझी जाऊ गेली सहा वर्षं घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतो. घर जुळे सोलापुरात. गिऱ्हाईक बहुतेक इथूनच बाहेर गेलेली माणसं, पुण्याची, मुंबईची, बंगळूरची, एक जण तर पार गुरुग्रामची. भाकऱ्या थंड करून, वीस-वीसची चवड कागदात घट्ट गुंडाळून, चटणी दुहेरी पिशवीत बंद करून मी स्वतः टपालात नेऊन स्पीड पोस्ट करते. प्रत्येक पावती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जाते.

२०२५चा सप्टेंबर सोलापूरकर विसरणार नाहीत. सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला, गावंच्या गावं पाण्यात गेली. लोकांची घरं वाहून जात असताना माझ्या पार्सलाला उशीर झाला म्हणून कुणाला दोष देणार? पण नुकसान व्हायचं ते झालंच. भाकऱ्या सादळल्या, चटणीचं तेल सुटून डबे बरबटले, आणि पाच-सहा गिऱ्हाइकांना मी पैसे परत केले. घरगुती धंदा करणाऱ्या बायकांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे, तिथे मी हे दुःख लिहिलं. दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी एका माणसाचा फोन आला. नंबर गटातल्याच एकीने दिला होता, म्हणून मला शंकाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, चप्पल दाराबाहेर नीट काढून ठेवली, आणि पहिल्या वाक्यापासून मला "अक्का". पाणी मागून प्यायला. मग म्हणाला, "अक्का, स्पीड पोस्ट वेळेत नाही पोचलं तर भरलेलं शुल्क परत द्यायचा नियम आहे. तुमचा हक्काचा पैसा आहे. कुणी मागत नाही म्हणून मिळत नाही."

इथे वाचणाऱ्यांनी नीट लक्ष द्या, कारण मी इथेच फसले. तो खोटं बोलत नव्हता. स्पीड पोस्टला ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त उशीर झाला तर भरलेलं शुल्क परत मिळायची तरतूद खरंच आहे. वस्तू हरवली तर शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातली जी रक्कम कमी ती, हेही त्याने बरोबर सांगितलं. रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे दर बदलले, हे मी पेपरात वाचलं होतं. तो म्हणाला, "आता सगळी पद्धत बदलतीय, जुन्या पावत्या लवकर लावल्या नाहीत तर गेल्याच समजा." डब्यातली एक पावती उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "बघा, शाई पण उडायला लागलीय." खरंच उडत होती. थर्मल कागदावरची छपाई फिकी पडते, ते मला रोज दिसतं. चार खऱ्या गोष्टी ऐकल्यावर पाचवी तपासायचं माझ्या मनातच आलं नाही.

त्याने डबा चटईवर उपडा केला. ६१ पावत्या निघाल्या. नोट मोजावी तशा त्याने त्या मोजल्या आणि प्रत्येकीचा फोटो घेतला. मी म्हटलं, यातल्या निम्म्या तर वेळेत पोचल्यात. "सगळ्याच द्या, उशीर झालेल्या मी निवडतो." मग आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान आणि एक रद्द केलेला चेक घेतला. दर पावतीला ३० रुपये फाइलखर्च म्हणून १,८३० रुपये रोख. मी पावती मागितली, तर म्हणाला रिफंडबरोबरच येईल.

जाताना एक गोष्ट अगदी सहज बोलून गेला. "मुख्यालयातून पैसे गटाचे एकदम सुटतात. तुमच्या खात्यावर कधी जास्त आले तर घाबरू नका, तुमचे ठेवा, बाकीचे मी सांगतो त्या खात्यावर टाका. बाकीच्या ताईंचे असतात ते." हे वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं. सगळी फसवणूक या एका वाक्यात होती.

६ ऑक्टोबरला खरोखर १,२४० रुपये जमा झाले. मी जावेला हाक मारून दाखवले. ९ तारखेला २४,००० आले आणि लगेच त्याचा फोन. माझ्या पावत्यांचे एकूण ६,२४०, पैकी १,२४० मिळाले, ५,००० ठेवून घ्या, १९,००० पाठवा. ६,२४० म्हणजे ६१च्या ६१ पावत्यांची बेरीज होती. निम्मी पार्सलं वेळेत पोचली होती हे मला माहीत होतं, तरी मी विचारलं नाही. पैसे पाठवले. ११ तारखेला ३८,५०० आले. "अक्का, हे सगळे दुसऱ्यांचे. तुम्हाला त्रास होतोय, १,५०० ठेवा, ३७,००० टाका." ते १,५०० माझे नव्हते. घेताना मन जरा कचरलं होतं, तरी घेतले. हे लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

बँकेतल्या अधिकाऱ्याने माझं स्टेटमेंट काढून टेबलावर ठेवलं आणि ३८,५०० च्या ओळीवर पेन टेकवला. "हे कुणाकडून आले?" मी म्हटलं, टपालाचा रिफंड. "नाव वाचा." तिथे एका माणसाचं नाव होतं. साधं, पूर्ण नाव, आडनावासकट. आधीच्या दोन ओळींत आणखी दोन वेगळी नावं. सरकारी खात्याचा रिफंड अनोळखी माणसाच्या यूपीआयवरून कसा येईल? शेऱ्यात 'रिफंड' लिहिलंय एवढंच मी पाहिलं होतं, आणि शेरा तर पाठवणारा हवा तो लिहू शकतो.

ते ३८,५०० दुसऱ्या राज्यातल्या एका गृहस्थांचे होते. त्यांना मेसेज आला होता की तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्याने अडकलंय, लिंकवर पत्ता दुरुस्त करा. टपाल खात्याच्या नावाने असे मेसेज फिरतात आणि ते खोटे आहेत, हे पीआयबीने, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. गृहस्थांनी लिंक उघडली, किरकोळ शुल्क भरायला गेले आणि खातं रिकामं झालं. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसा कुठून कुठे गेला त्याचा माग काढत तक्रार माझ्या खात्यापर्यंत आली आणि खातं गोठलं. अधिकारी म्हणाले, याला म्यूल खातं म्हणतात. चोरीचा माल वाहून नेणारं खेचर. मला रडू आलं. माझे १,८३० गेले याचं ते रडू नव्हतं. त्या माणसाचे पैसे माझ्या बोटांनी पुढे गेले होते.

त्या भामट्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पावत्यांचे फोटो त्याला कधी लागलेच नव्हते. त्याला माझं खातं पाहिजे होतं, चालू, जुनं, रोज पाच-पन्नास ठिकाणांहून छोट्या रकमा जमा होणारं. घरगुती धंदा करणाऱ्या बाईच्या खात्यात २४,००० आले तर कुणाला वावगं वाटत नाही. म्हणूनच तो आमच्या गटात शिरला.

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या आणि शेंगदाणे आणायला पैसे नव्हते. खात्यात ५२,३०० अडकलेले. जावेने तिच्या खात्यातून धंदा चालवला. मी बँकेतून तक्रारीचा पोचक्रमांक आणि तपास करणाऱ्या पोलीस ठाण्याचं नाव लेखी घेतलं. शहरातल्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला, आणि त्या दुसऱ्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्याला सगळं ईमेलने कळवलं. स्टेटमेंट, व्हॉट्सॲपच्या गप्पा, कॉलची यादी, मी पैसे ज्या खात्यांवर पाठवले त्यांचे तपशील, आणि माझ्याकडे राहिलेले ७,७४० रुपये परत द्यायला तयार आहे असं स्वतःहून लिहिलं. घाबरून गप्पा पुसून टाकाव्यात असं माझ्याही मनात आलं होतं. पुसल्या असत्या तर मी फसले हे दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं. पाच आठवड्यांनी ३८,५०० तसेच गोठवून ठेवून बाकीची रक्कम मोकळी झाली. ते आजही गोठलेलेच आहेत.

खातं जरा सुरळीत झाल्यावर मी टपाल कार्यालयात गेले आणि खिडकीवर विचारलं, उशिराचा रिफंड खरंच कसा मागायचा? उत्तर इतकं साधं होतं की आधीच का विचारलं नाही म्हणून जीव कळवळला. ज्याने पाठवलं त्याने स्वतः तक्रार करायची. पावतीवरचा १३ अक्षरांचा क्रमांक लागतो, सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी IN ही भारताची दोन अक्षरं. कार्यालयात लेखी द्या, खात्याच्या संकेतस्थळावर करा, नाहीतर १८०० २६६ ६८६८ या टोल फ्री नंबरवर. फी नाही, एजंट नाही, रद्द केलेला चेक घेऊन फिरणारा माणूस तर नाहीच. आणि मिळणार काय, तर त्या एका पार्सलाचं भरलेलं शुल्क, म्हणजे शे-सव्वाशे रुपये. एवढ्याशा रकमेसाठी कुणी आपल्या दारात येऊन पाणी मागणार नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आणखी एक विनंती. खात्यावर अनोळखी नावाने पैसे आले आणि कुणी फोन करून 'पुढे पाठवा' म्हणालं, तर एक रुपयाही हलवू नका. कारण काहीही सांगू देत, चुकून आले म्हणू देत, रडू देत. थेट बँकेत जाऊन लेखी कळवा, ज्याचे असतील त्याला बँकच परत करेल. आणि पैसे तुमचे गेले असतील तर आधी १९३०, मग बाकी सगळं. चोर तासाभरात चार खाती बदलतो.

हे लिहायला मी एवढे दिवस लावले, कारण लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात गटात विचारलं तर कळलं, आणखी चौघींनी त्याला पावत्या आणि चेक दिलेत. तिघींच्या खात्यावर अजून काही आलेलं नाही, त्यांनी बँकेत अर्ज दिलेत. चौथी शेळगीत राहते. तिच्या खात्यावर सोमवारी ३१,००० आले आहेत आणि नव्या नंबरवरून फोन सुरू झालेत. तिने अजून पाठवलेले नाहीत. उद्या साडेदहाला बँक उघडते, मी तिच्याबरोबर जाणार आहे.